दोन्हीकडे हजर

विसरवाडीच्या चौफुलीवर पंक्चरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत रूथ गावित बुद्धिमत्ता चाचणी शिकवते. खाली ट्रकची चाकं उघडतात, वर पोरांची डोकी. गणित शिकवणारे तालुक्यात ढिगाने आहेत हो, पण ‘खालीलपैकी कोणतं विधान युक्तिवादाला बळकटी देतं’ असला प्रश्न आला की भल्याभल्या मास्तरांची बोबडी वळते. रूथची वळत नाही. म्हणून तर तलाठी व्हायला निघालेली पोरं धडगावकडूनही तिच्याकडे येतात.

तिचा नियम एकच. पर्यायात जे लिहिलंय ते खरं मानून चालायचं आणि त्याने दावा पक्का होतो की ढिला पडतो, एवढंच बघायचं. “ते खरं आहे का, हे ठरवणारे तुम्ही कोण? घरचं डोकं घरी ठेवून यायचं!” असं ती फळ्यावर डस्टर आपटून सांगते. पोरांनी त्याची मस्करीच करून ठेवलीय. जिन्यात भेटली की एकमेकांना विचारतात, “काय रे, डोकं घरी ठेवलंस ना?”

आणि हीच बाई बघा. दुसऱ्यांची पोरं तलाठी झाली, पोलीस झाली, पेढे देऊन गेली, आणि ही स्वतः प्रत्येक भरतीत काठावर राहिली. कधी पेपर फुटला म्हणून परीक्षाच रद्द, कधी निकाल कोर्टात अडकलेला. बघता बघता केस पांढरे झाले. यंदाची तलाठी भरती शेवटची होती. त्यानंतर वयाची अट संपणार, मग कितीही हुशार असलात तरी दार बंद. क्लास चालवणारे अमृत सर शहाद्याकडचे. ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले होते, “रूथताई, या टाइमले तुन्हं नाव लिस्टमा शेच, लिही ठेव!”

पेपर धुळ्याला, कॉम्प्युटरवर. पेपर सोपा गेला. मग पडद्यावर तो प्रश्न आला.

‘दावा : रोजगार हमीची कामं वाढवल्यामुळे एका तालुक्यातल्या मजुरांचं कुटुंबासह होणारं स्थलांतर थांबलं. कोणतं विधान या दाव्याला सर्वाधिक बळकटी देतं?’ पहिल्या पर्यायात पाऊस चांगला झाल्याचं होतं, चौथ्यात शेजारच्या जिल्ह्याचं काहीतरी. ते दोन्ही तिने क्षणात उडवले. तिसरा : मजुरी वेळेवर मिळते असं मजुरांनी सांगितलं. आणि दुसरा : दिवाळीनंतर ओस पडणाऱ्या गावच्या शाळांत त्या वर्षी मुलांची हजेरी पूर्ण राहिली.

दुसरा. डोळे झाकून दुसरा! हजेरी पूर्ण म्हणजे मुलं गावात, मुलं गावात म्हणजे आईबाप गावात. हाच प्रश्न क्लासमध्ये आला असता तर तिने खडू न उचलता सांगितलं असतं.

पण ‘हजेरी’ हा शब्द वाचला आणि तिचा हात माउसवर थबकला.

रूथ सात-आठ वर्षांची असल्यापासून दिवाळी झाली की बाप योहान, आई गंगीबाई आणि ती ट्रकमध्ये बसून गुजरातेत ऊसतोडीला जायचे. बाप कोयता चालवायचा, आई मोळ्या बांधायची, आणि रूथ उसाचे हिरवे शेंडे गोळा करून त्यांच्या पेंढ्या करायची. पाचटाच्या धारदार पात्यांनी हातांवर बारीक चिरा पडायच्या, त्यावर घाम उतरला की नुसती आग व्हायची. मुकादम सकाळी हजेरी घ्यायचा, त्यात गंगीबाईच्या मागे ‘आणि पोरगी’ असं असायचं. त्याच सकाळी इकडे गावच्या शाळेत वाहरू गुरुजी तिच्या नावापुढे हजर लावायचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी परत आली की ते म्हणायचे, “बस पोरी, तू इथंच होतीस.” मग संध्याकाळी घरी बोलवून राहिलेले धडे शिकवायचे. पोरगी एक, हजेऱ्या दोन, आणि अशी ती एकटी नव्हती. दिवाळीनंतर अर्धा वर्ग रिकामा असायचा आणि हजेरी कायम पूर्ण.

हजेरीने काय शाबीत होतं? काही म्हणजे काही नाही! तिच्या हातांना ते तिच्या डोक्याआधी ठाऊक होतं. मजूर स्वतःच्या तोंडाने सांगतायत त्यात तरी काही अर्थ आहे, असं तिच्या मनाने घेतलं आणि तिने तिसऱ्यावर क्लिक केलं. बाहेर आल्यावर रसवंतीच्या चरकाची घुंगरं ऐकू आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं. घरचं डोकं ती घरी ठेवायला विसरली होती.

तात्पुरता निकाल लागला, सोबत उत्तरतालिका. ती एका प्रश्नाने राहिली. त्याच एका.

आईला तिने सांगितलं तेव्हा गंगीबाई भाकरी थापत होती. “देवाची मर्जी,” एवढंच म्हणाली आणि भाकरी करपेपर्यंत तव्याकडे बघत बसली. रूथला मात्र देवाचा राग आला नाही, स्वतःचाच आला. इतका, की दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

अमृत सर म्हणाले, “अशी बसू नको ना. आक्षेप घे! उत्तरच चुकीचं शे म्हण. पुरावा जोड.” रूथला जरा आशा वाटली. अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या दाव्यांना बळकटी शोधण्यात गेलं होतं, आता एकदा स्वतःच्या दाव्याला शोधायची. आणि पुरावा तर दोन गावं पलीकडे जिवंत होता.

वाहरू गुरुजी अंगणात खाटेवर तूर निवडत बसले होते. तिला बघताच सूप बाजूला सारून ओरडले, “आली! माझी तलाठीण आली! अगं, चहा टाक!”

चहा आल्यावर तिने निकालासकट सगळं सांगितलं आणि म्हणाली, “गुरुजी, तुम्ही लिहून द्या. आम्ही नसायचो तरी हजेरी पूर्ण असायची, एवढंच.”

गुरुजींनी सूप पुन्हा पुढे ओढलं. “देतो की. माझं आता कोण काय वाकडं करणार? पेन्शन थांबवतील, थांबवू देत.” मग त्यांनी मान वर केली. “पण पोरी, ते पुढचं विचारतील. ही जर शाळेत नव्हतीच, तर हिचा दाखला कशावर दिला? तुझी चौथी माझ्या सहीवर उभी आहे. चौथीवर दहावी, आणि दहावीवर तुझं सगळं. तुझं नाव कापू नये म्हणून मी ते केलं गं. तेव्हा कापलं असतं, तर तू आज हा पेपर द्यायलाच नसतीस.”

रूथला ते तत्काळ कळलं. तिचाच विषय होता तो. आक्षेप जितका पक्का करावा तितकी ती स्वतः खोटी पडत होती. हजेरी खोटी म्हणावी तर ती शिकलेलीच नाही, आणि खरी म्हणावी तर तिचं उत्तर चूक. तिसरा पर्याय नव्हता.

“राहू द्या, गुरुजी,” ती म्हणाली. म्हातारा रडायला लागला. तिने त्यांना रडू दिलं, समजूत काढायची ताकद तिच्यात उरली नव्हती. मग चहा संपवला आणि निघाली.

पुढच्या सोमवारी क्लास भरला. नुकताच झालेला पेपर सोडवून घ्यायचा असतो, तो तर नियमच. तो प्रश्न आला तेव्हा तिने फळ्याकडे तोंड करून चारही पर्याय लिहिले आणि विचारलं, “सांगा.”

सगळे ओरडले, “दुसरा!”

मागच्या बाकावरून रविनाने हात वर केला. नवी पोरगी होती, तिचे आईबाप अजूनही दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातेत जातात. “मॅडम, पण हजेरीचं कसं धरायचं? ती तर आम्ही उसात असलो तरी लागायची.”

वर्ग हसला. कुणीतरी म्हणालं, “ए, डोकं घरी ठेव!”

रूथ हसली नाही. रविनाच्या तळहातावरच्या जुन्या चिरा तिला इथूनही दिसत होत्या. खरं तर तिला म्हणायचं होतं, तुझंच बरोबर आहे पोरी, या पुस्तकात नसलं तरी. तिला रविनाजवळ जाऊन बसायचं होतं. खाली पंक्चरवाल्याने हवा भरायचं मशीन सुरू केलं आणि ते बंद झाल्यावर तिने दुसऱ्या पर्यायावर बरोबरची खूण केली.

“विधान खरं मानून चालायचं, रविना,” ती म्हणाली. “दुसरा लिही.”

रविनाने खाली मान घालून आधीचं खोडलं आणि दुसरा लिहिला. रूथने हजेरीचा कागद उचलला आणि रविनाच्या नावापुढे हजर लावलं.