आमची रेकॉर्ड पिक्चरमध्ये गेली

फोन आला तेव्हा मी गच्चीवर मुगाच्या वड्या उलटत होते. पलीकडे पुण्याची एक तरुण मुलगी होती. सिनेमे काढते म्हणाली. जुन्या बाजारात तिला एक रेकॉर्ड सापडली होती, आणि तिच्यातलं एक गाणं तिला आपल्या पिक्चरमध्ये हवं होतं.

"त्यात गायलेल्या बाईंशी बोलता येईल का?"

"मीच ती."

"कोण?" तिनं पुन्हा विचारलं. दोष तिचा नव्हता. थायरॉइडच्या ऑपरेशनपासून माझा आवाज बसला तो बसलाच. फोनवर तर लोक मला 'सर' म्हणतात. मग ती भराभर बोलू लागली. आमची रेकॉर्ड म्हणजे सायकेडेलिक फोक आहे, म्हणजे गुंगी आणणारं लोकसंगीत, त्या काळात असं इकडे कोणी करतच नव्हतं, वगैरे. तो शब्द मी तिला पुन्हा म्हणायला लावला. आम्ही त्यांना नुसतं गाणी म्हणत होतो.

गाणी माझ्या आईची. उमरेडच्या माहेराहून तिनं आणलेली. बाबा मागावर बसायचे आणि ती रहाटावर सूत भरता भरता गुणगुणायची. आमच्याच गल्लीतला एक जण गणपतीत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. तो एकदा दारात थांबून ऐकत राहिला आणि म्हणाला, "मावशी, हे मले शिकवा." मी तेव्हा कॉलेजात होते. आईचं गाणं मी म्हणायचे आणि तो गिटारचा आवाज टेपरेकॉर्डरमधून असा काही फिरवायचा की एक सूर दोनदा, तीनदा परत यायचा. रहाटाची घरघर त्यानं टेप करून घेतली आणि हळू चालवून गाण्याखाली घातली. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग झालं.

रेडिओवर त्यातलं एक गाणं एकदाच लागलं. दुसऱ्या दिवशी नळावर एकीनं विचारलं, "काल थे भूत कोण गाऊन राहिलं होतं वं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. रेकॉर्ड खपली नाही, ती काढणारी छोटी कंपनीही बंद पडली. आईनं मात्र पूर्ण ऐकली होती. "हे माझं नाही वाटत," ती म्हणाली, "पण चांगलं हाय."

पुढे त्याला हिंगण्याला कारखान्यात नोकरी लागली, मला सरकारी कचेरीत. त्याचं लग्न झालं, तो तिकडेच राहायला गेला. मी लग्न केलं नाही. आईबाबा गेले, माग विकला, आणि त्या रेकॉर्डबद्दल बोलावं असं कोणी उरलं नाही. वर्षानुवर्षं मी ते गाणं घरातसुद्धा म्हटलं नाही.

परवानगी दोघांची लागणार होती, म्हणून मेट्रोनं हिंगण्याकडे गेले. दार त्याच्या सुनेनं उघडलं. तो आत पलंगावर बसला होता, केस सगळे पांढरे.

"तू काहून आली वं एवढ्या उन्हात?" तो मोठ्यानं म्हणाला.

मी सांगू लागले, तर सुनेनं माझ्या हाताला हात लावला. "बाबांना ऐकू येत नाही. सगळा जन्म प्रेस मशीनच्या धडधडाटात गेला ना. कानातल्या यंत्राचाही आता उपयोग होत नाही."

हे मला माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं. मी सगळं मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं.

"आता कोण मागून राहिलं हे?" तो म्हणाला. मग हसला. "देऊन टाक. आपल्याजवळ ठेवून काय लोणचं घालाचं हाय?"

पिक्चर लागला तेव्हा मी एकटीच गेले. दुपारचा खेळ, मोजकी माणसं. पिक्चरमध्ये एक बाई सासर सोडून निघते आणि रिकाम्या एसटीत खिडकीशी बसते. ती काही बोलत नाही. तेवढ्यात मला श्वास ऐकू आला. गाण्याआधीचा माझाच श्वास, एकोणीस वर्षांच्या मुलीचा. मग रहाट, मग गिटार, मग ती मुलगी गाऊ लागली. माझ्या रांगेत एक बाई पदरानं डोळे पुसत होती. तिला सांगावं असं फार वाटलं. पण माझ्या या आवाजात काय सांगणार? दिवे लागले आणि ती निघून गेली. बाहेर येऊन मी फूड कोर्टमध्ये कॉफी घेतली. समोरची खुर्ची रिकामी होती, तीही एक जण विचारून घेऊन गेला.

पिक्चर आठवड्यातच उतरला. मग तो मोबाईलवर आला आणि गाणं पसरलं. भाजी घेताना कोणाच्या तरी खिशात वाजायचं. लग्नांच्या व्हिडिओंखाली वाजायचं. रेकॉर्ड नव्यानं निघाली. दोन कॉलेजच्या मुली घरी येऊन, गिटारचा तसा आवाज कसा काढला, हे विचारून गेल्या. जाताना म्हणाल्या, "आजी, एक ओळ म्हणा ना." मी पाणी प्यायले, खाकरले. आवाज फुटला नाही. मुली समजूतदार होत्या, लगेच दुसरं काही बोलू लागल्या. त्या गेल्यावर मी बराच वेळ दिवा लावला नाही.

दिवाळीनंतर चिवडा घेऊन पुन्हा त्याच्याकडे गेले. मोबाईलवर तो प्रसंग त्याला दाखवला. त्यानं एसटी पाहिली, त्या बाईचा चेहरा पाहिला.

"गाणं सुरू झालं?"

मी मान डोलावली.

"संपलं?"

पुन्हा मान डोलावली. त्यानं मोबाईल माझ्याकडे दिला. "ह्या डब्बीत मले काही सापडत नाही. तू म्हण. मी पाहतो."

सून स्वयंपाकघरात होती. मी आधी नाही म्हटलं. मग गाणं म्हटलं. फाटक्या, घोगऱ्या आवाजात, आईच्या चालीवर, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मधे दोन ठिकाणी नुसती हवाच आली. तो माझ्या ओठांकडे आणि गळ्याकडे एकटक पाहत होता. सून चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

"सूर लागला का?" त्यानं विचारलं.

मी हातानं नाही म्हटलं.

"मले तर बरोबर दिसला," तो म्हणाला, आणि सुनेला चहा आण म्हणून खूण केली.