पेवातला माणूस

सांगलीच्या बसस्थानकासमोर कॉमिक्स भाड्याने देणारी एक टपरी होती. गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. तिथल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात कुठेतरी मध्येच तांबड्या पेन्सिलीने एक आडवी रेघ मारलेली असायची आणि रेघेखाली नेटक्या अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘इथं पळाला.’ कोण पळाला ते मला कळेना. त्या पानावर ना चोर पळत असायचा, ना पोलीस. टपरीवाल्याला विचारलं तर तो वैतागून म्हणाला, “आवं, त्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई हायत. वाचत्यात आणि पुस्तकाची वाट लावून परत आणून देत्यात. बोलायची सोय न्हाई, अंगावर येत्यात.”

पळालेला असायचा तो लेखक. हे मला पुढे खुद्द त्या बाईंनी, शालनबाईंनी सांगितलं.

मी साताऱ्याहून मराठीची पदवी घेऊन सांगलीतल्या एका छापखान्यात चिकटलो होतो. लग्नपत्रिकांचे मजकूर, दुकानांच्या उद्घाटनाची पत्रकं, दिवाळीच्या कॅलेंडरवरच्या चारोळ्या, असली कामं. उत्तरेकडून येणारी हिंदी कॉमिक्स पोरं भाड्याने नेतात, मग आपण मराठीत का काढू नयेत, असं आमच्या मालकांच्या, म्हणजे बापूसाहेबांच्या डोक्यात आलं. लेखक म्हणून मी आयताच होतो. चित्रांसाठी कुणीतरी शालनबाईंचं नाव सुचवलं. पस्तिशीच्या, काळ्यासावळ्या, बुटक्या बाई. लुनावरून उतरल्या त्या थेट माझ्या टेबलाशी आल्या. “लेखक कोण? तुम्ही? मग आधी हे वाचा,” म्हणून त्यांनी एक कॉमिक माझ्यापुढे आपटलं.

त्यातल्या वीराची गंमत अशी होती की, तो ज्याचा जीव वाचवी त्या प्रत्येक माणसामागे त्याला स्वतःचं एक माणूस आठवेनासं व्हायचं. तिसऱ्या अंकापर्यंत तो बायकोला विसरला होता. आता आई तेवढी उरली होती आणि समोर पुरात माणूस वाहून चालला होता. मी पान उलटलं. वीराच्या डोक्यात नारळ पडला आणि त्याला सगळं पुन्हा आठवलं. खाली तांबडी रेघ होतीच.

“बघितलंत?” बाई म्हणाल्या. “दार राजवाड्याचं आणि आत शेळ्या बांधल्यात. ह्या माणसाला येवढं सुचलं कसं, आणि सुचल्यावर त्यानं त्याची अशी माती कशी केली? नारळ! अहो, त्याची आई पुसली जाणार होती!” त्या खरोखर संतापल्या होत्या. नेहमी शाळेतलं स्वच्छ मराठी बोलणाऱ्या बाई रागावल्या की सरळ हरिपूरच्या बोलीवर यायच्या. “डोंगूर पोखरायचा आन उंदीरसुदिक काढायचा न्हाई. लेखकाला आपल्याच गोष्टीची भीती वाटती, बघा. वाटली की पळतंय.” मी हसलो. तेव्हा मला हे सगळं दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं वाटत होतं.

आमच्या कॉमिकची कल्पना बाईंचीच. हरिपुराकडे हळद साठवायला जमिनीत पेवं खणत. तोंड माणूस जेमतेम आत जाईल एवढं, आणि आत खोलीसारखी जागा. महिनोन्‌महिने बंद राहिलेलं पेव उघडलं की आत हवा नसते. म्हणून ते तसंच उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. कंदील तेवत राहिला तर माणसाने उतरायचं. विझला तर काय वाट्टेल ते झालं तरी उतरायचं नाही. बाईंचे वडील, त्यांना त्या दादा म्हणत, हमाल होते आणि हे कंदील सोडायचं काम त्यांच्याकडे असायचं. एके दिवशी घाई करून एक जोडीदार आधीच उतरला आणि आत कोसळला. वडिलांनी कंदील सोडला. तो विझला. आणि तो विझलेला बघून ते खाली गेले. जोडीदाराच्या कमरेला दोरी बांधून त्यांनी त्याला वर धाडला. तो वाचला. वडिलांना नंतर काढावं लागलं.

बाईंचा वीर यातूनच आला होता. पेवात, विहिरीत, गाळात, जिथे हवा नाही तिथे तो हवा तितका वेळ राहू शकत होता. वर मात्र दहा पावलं चालला की त्याला धाप लागायची. वर तो कुणीच नव्हता, पाठ धरलेला एक हमाल. “सगळे वीर वर जातात,” बाई म्हणाल्या. “उडतात, चढतात. हा खाली जाणारा आहे. पहिली आठ पानं नुसता कंदील खाली जाऊ दे. पोरांचा श्वास अडकला पाहिजे.” अशी कल्पना मी आजवर कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही. तीस वर्षं होत आली तरी मी हेच म्हणेन. आणि त्या सोन्यासारख्या कल्पनेचं मी काय केलं ते सांगताना आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी काय केलं? बापूसाहेब म्हणाले, “हमाल कोण वाचणार? त्याला मुंबईत बंगला द्या.” मी दिला. म्हणाले, “शक्ती कुठून आली? साधू दाखवा.” मी साधू आणला, त्याच्याकडून मंत्र देववला. म्हणाले, “पोरांना उडणारा लागतो.” मी त्याला उडवला. जो माणूस हवेशिवाय जगतो त्याचं नाव आम्ही ‘वायुवीर’ ठेवलं. मालकांना अक्कल नव्हती, असं म्हणून मी सुटलो असतो. पण मला होती. बाईंच्या आठ पानांच्या जागी मी एक ओळ लिहिली, ‘आणि तो क्षणार्धात तळाशी पोहोचला!’ ही ओळ मालकांनी नाही सांगितली. ती माझी आहे.

“क्षणार्धात म्हणजे काय?” बाईंनी विचारलं. “पेव किती पुरुष खोल? दोरी किती? हात सोलले का? मी राणी असते तर ‘क्षणार्धात’ हा शब्द आधी हद्दपार केला असता.” आणि साधूचं पान बघून तर त्या उभ्याच राहिल्या. “माझा बाप नवसानं उतरला न्हाई. मंत्र म्हणून उतरला न्हाई. दिवा विझल्याला बघून उतरला. त्याच्या अंगावर तुमी भगवं पांघरूण घालताय व्हय?” त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर होती, नवस-अंगारे त्यांच्या वडिलांनीच बंद केले होते. मी म्हणालो, बाई, पहिलाच अंक आहे, खपू तर द्या, दुसऱ्यात सगळं तुमच्या मनासारखं करू. बाईंनी ते मानलं. याचं मला फार वाईट वाटतं. एवढ्या चौकस बाई, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

अंक खपला. महिनाभराने बाई भर दुपारी छापखान्यात शिरल्या. त्यांच्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत वायुवीराचा मंत्र म्हणून श्वास कोंडून धरायचा खेळ खेळत होती. हरिपूरचाच एक मुलगा बाईंना म्हणाला होता, मंत्र पाठ झाला की मी पेवात उतरून दाखवतो. हे सांगताना त्या पहिल्यांदाच मला अरेतुरे करत होत्या. “कंदील काढलास तू. का काढलास? गोष्ट थांबती म्हणून? आरं, थांबायसाठीच असतो की त्यो कंदील! एकांदं पोर उतरलं म्हंजी? त्येच्या आईम्होरं जाऊन म्हनशील का, क्षणार्धात?”

दुसऱ्या अंकाला त्यांनी माझ्या गोष्टीची वाटच पाहिली नाही. आधी चित्रं काढून आणली. आठ पानं कंदील खाली जात होता. काचेवरची काजळी, पेवाच्या भिंतीवरची बोटांची निशाणं, दोरी सोडणारे दोन हात. ज्योत हळूहळू लहान होत होती. सहाव्या पानावर ती विझली. उरलेल्या दोन पानांवर नुसता अंधार आणि दोरी. आणि त्यांनी एक गोष्ट मुद्दाम केली होती. चित्रकार वरच्या कोपऱ्यात संवादासाठी जागा सोडतो, तशी एकाही चौकटीत सोडली नव्हती. माझ्या शब्दांना त्यांनी घरातच घेतलं नव्हतं. मी ती पानं बघितली आणि माझ्या अंगावर काटा आला.

बापूसाहेब म्हणाले, “हे काय मुकं पुस्तक? संवाद चिकटवा.” मी एकदाही नाही म्हणालो नाही. नोकरी गेली असती का? कदाचित गेली असती. कदाचित ते चार शिव्या देऊन गप्पही बसले असते. मी विचारूनच बघितलं नाही. कात्री घेतली, डिंक घेतला आणि संवादाच्या, मंत्राच्या, बंगल्याच्या पट्ट्या कापून त्या चित्रांवर चिकटवल्या. विझत्या ज्योतीच्या नेमकं वर मी खलनायकाचं ‘हा हा हा! आता तुला कोण वाचवणार?’ डकवलं. शेवटचं पान दुसऱ्या रंगाऱ्याकडून काढून घेतलं. त्यात वायुवीर कृष्णेवरून उडत गेला आणि त्याने चोरांना पकडलं. साध्या माणसाने अब्रू विकावी तर त्याला काहीतरी मिळतं तरी. मला काही मिळालं नाही.

त्यानंतर बाईंनी आमच्यासाठी एक रेघ ओढली नाही. पुढच्या जूनमध्ये संस्थेने त्यांची शिरवळच्या शाखेत बदली केली, वायुवीर चौथ्या अंकात मेला आणि आमची पुन्हा कधी भेट झाली नाही. पण तो दुसरा अंक छापून आला त्या आठवड्यातली एक दुपार राहिली, ती सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत.

त्या आल्या तेव्हा मी शिव्यांच्या तयारीने उभा राहिलो. त्यांनी एकही शिवी दिली नाही. “चला,” एवढंच म्हणाल्या. लुनावर मागे बसवून त्यांनी मला हरिपूरला घरी नेलं. ओट्यावर त्यांची आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. म्हातारीला लिहिता-वाचता येत नव्हतं. “आई, ह्ये लेखक,” बाई म्हणाल्या. “दादांवरचं पुस्तक निघालंय. ह्येच वाचून दावत्यात.” आणि त्यांनी अंक माझ्या हातात दिला.

म्हातारीने शेंगांचं सूप बाजूला सारलं, पदर सारखा केला आणि मांडी घालून बसली. पोथी ऐकायला बसावं तशी. मी वाचायला लागलो. ‘हा हा हा’ मोठ्याने वाचणं किती कठीण असतं ते ज्याने वाचलंय त्यालाच ठाऊक. मी पानं गाळू बघत होतो आणि बाई शांतपणे म्हणत होत्या, “ते राहिलं. तेपण वाचा.” मंत्र वाचला, बंगला वाचला, उडणं वाचलं. म्हातारी अधूनमधून वाकून चित्रातल्या कंदिलावर बोट ठेवायची, तेवढ्यापुरता तिचा चेहरा उजळायचा, आणि मी पुढचं वाचलं की ती गोंधळून लेकीकडे बघायची. पुस्तक संपलं.

“मग त्यो वर आला का?” म्हातारीने विचारलं.

“आला की, मावशी,” मी घाईघाईने म्हणालो.

“आई, त्यो खाली गेलाच न्हाई,” दारात उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. “ह्यांनी त्याला जाऊच दिला न्हाई.”

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर मला सोसला असता. “का रं बाबा?” तिने हळूच विचारलं. “भ्या वाटलं व्हय तुला?”

मी होकारार्थी मान हलवली. अंक ओट्यावर ठेवून उठायला लागलो, तर बाईंनी तो उचलून परत माझ्या हातात दिला.

“घिऊन जावा,” त्या म्हणाल्या. “ह्ये ह्या घरात ऱ्हाणार न्हाई.”