बाण नसेल तर सरळ

बाण काढताना लेओंस बार्ज आता एकच गुडघा टेकतो. दुसरा टेकला तर उठायला कुंपणाचा खांब शोधावा लागतो. पत्र्याचा साचा डांबरावर ठेवायचा, रंगाचा ब्रश फिरवायचा, साचा उचलायचा. खाली ओला पांढरा बाण उरतो. त्याचं टोक जिकडे असेल तिकडे रविवारी दीडशे माणसं सायकली वळवणार असतात, काही न विचारता. इतक्या वर्षांनंतरही लेओंसला या गोष्टीचा थोडा धाक वाटतो.

नोकरीत असताना तो दुधाचा टँकर चालवायचा. फ्रान्समधल्या बुर्बोनेच्या या भागात शेतं झाडांच्या कुंपणांत बसवलेली, आणि कुंपणांमधून टँकरच्या रुंदीएवढेच रस्ते. समोरून सायकलवाला आला तर तो मुकाट्यानं खाली उतरून झुडपात उभा राहायचा. रस्ता कुणाचा, हा प्रश्न लेओंसला तेव्हा पडत नसे. मोठं वाहन त्याचं होतं.

निवृत्त झाल्यावर बायकोनं, सोलांजनं, त्याला सायकलवर बसवलं. पहिल्याच महिन्यात एका ट्रॅक्टरनं त्याला काटेरी झुडपात उतरवलं. तिथे उभं राहून त्यानं रस्ता पहिल्यांदा दुसऱ्या बाजूनं पाहिला. मग गावच्या सायकल क्लबच्या जूनमधल्या वार्षिक फेरीचा मार्ग आखण्याचं काम दोघांनी अंगावर घेतलं. अट एकच होती, खालच्या हमरस्त्याला चाक लागता कामा नये. त्या हमरस्त्यावरून स्पेनहून स्वित्झर्लंडकडे जाणारे ट्रक एकामागोमाग एक धावतात, आणि त्यांच्या वाऱ्यानंच माणूस कलंडतो.

दर वर्षी रंग वेगळा असायचा. फेरी झाली की पुढच्या आठवड्यात काळा रंग घेऊन निघायचं आणि सगळे बाण पुसून यायचं, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी जुन्याच्या मागे लागणार नाही. सोलांज साचा वापरत नसे. हातानंच काढायची, आणि तिच्या बाणाची शेपटी शेवटी वळायची.

"ही डुकराची शेपटी आहे," लेओंस म्हणायचा.

"तुझे बाण टँकरसारखे आहेत," ती म्हणायची, "वळतानासुद्धा सरळ."

पाच वर्षांपूर्वी, पिवळ्या रंगाच्या वर्षी, फेरीनंतर नऊ-दहा दिवसांतच ती गेली. दुखणं आधीपासून होतं. बाण मात्र तिनंच काढले होते. त्या वर्षी काळा डबा कुणी उघडलाच नाही. पुढच्या वर्षी लेओंसनं मार्ग टेकडीच्या दुसऱ्या अंगानं नेला आणि तिकडे परत फिरकला नाही.

यंदा त्याची मुलगी बेआत्रीस लिओंहून आली, ऑफिसातल्या दोन मैत्रिणींना घेऊन. लहानपणी तिला सायकलचा तिटकारा होता. तुमचा धर्म तुम्हाला लखलाभ, असं म्हणून ती रविवारी उशिरापर्यंत झोपायची. आई गेल्यावर ती घरी यायची, जेवायची, घड्याळ बघायची आणि निघायची. यंदा तिनं आपणहून फोन केला होता. लेओंसनं कारण विचारलं नाही. आईची सायकल मात्र दोन दिवस बसून साफ केली.

सकाळी सगळे निघून गेल्यावर या तिघी सर्वांत शेवटी निघाल्या.

"पापा, या दोघींना नियम सांग."

"बाण दिसला की वळायचं. बाण नसेल तर सरळ."

"आणि हरवलो तर?"

"माझ्या रस्त्यावर कुणी हरवत नाही."

"ऐकलंत? पोपसुद्धा इतक्या खात्रीनं बोलत नाही," बेआत्रीस म्हणाली आणि आईच्या सायकलवर डुगडुगत निघाली.

दुपारी गावच्या सभागृहात टेबलं मांडली होती. क्लबची अध्यक्ष मिरेय पाते, म्हणजे बटाटे भरून भट्टीत भाजलेला इथला खास पदार्थ, कापून त्यात साय ओतत होती. पहिले पाच-सहाजण आले तेच आरडाओरडा करत. पुढे ऑक्ताव होता, जन्मभर खाटकाचं दुकान चालवलेला.

"लेओंस, म्हाताऱ्या, पाते राहू दे. तू आम्हाला आधीच खडी खायला घातलीस!"

"कसली खडी?"

"दगडी क्रूसाच्या फाट्यावर. ताजी टाकलीय. मी आडवा होता होता वाचलो."

"तू आडवा झाला असतास तर रस्ता बंद झाला असता," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि माझा बाण?" लेओंसनं विचारलं.

"बाण? तो दोन बोटं खाली शांत झोपलाय. आम्हाला काय, आम्ही तिथं डोळे मिटूनही डावीकडे वळतो."

सगळे हसले. लेओंसच्या हातात पाण्याचा जग होता, तो त्यानं टेबलावर ठेवला. बाण त्यानं गुरुवारी काढले होते. शनिवारी सगळ्या मार्गावरून पुन्हा एकदा फिरून यायचं असतं. या शनिवारी गुडघा सुजला होता, म्हणून तो अर्ध्यातून परतला. क्रूसाचा फाटा उरलेल्या अर्ध्यात होता. तिथून सरळ जाणारा रस्ता उतारानं थेट हमरस्त्याला मिळतो.

बाण नसेल तर सरळ. हे त्यानंच सांगितलं होतं, सकाळी, स्वतःच्या तोंडानं.

हळूहळू टेबलं भरली. गोड पदार्थ आले. लेओंस दारातच उभा होता. बेआत्रीसचा फोन लागत नव्हता. तिकडच्या खोलगट भागात कुणाचाच लागत नाही.

"किती राहिलेत अजून?" त्यानं विचारलं.

"फक्त त्या तिघी," मिरेय म्हणाली. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिनं ॲप्रन सोडला. "चला. व्हॅन काढते."

वाटेत ती बोलत राहिली, गप्प बसणं तिला जमत नाही म्हणून. "खडी टाकणार असल्याचा कागद म्हणे कचेरीच्या फलकावर लावला होता."

"हे आत्ता सांगतेस?"

"मी तरी कुठं वाचला? तो फलक गावात वाचतं कोण? कबुतरं!"

क्रूसापाशी तिनं व्हॅन थांबवली. खडी करडी आणि सपाट पसरली होती, जणू इथे कधी काही लिहिलेलंच नव्हतं. तिच्यावर चाकांच्या पुष्कळ बारीक रेघा डावीकडे वळल्या होत्या. तीन सरळ गेल्या होत्या.

मिरेयनं व्हॅन सरळ उतारावर घातली.

उतार संपला तिथे लेओंस दार उघडून खाली उतरला. ट्रक गेला, दुसरा गेला, तिसऱ्याच्या वाऱ्यानं त्याची टोपी उडवली. तो चरातून चालत राहिला. गवतात काहीतरी पांढरं दिसलं आणि तो लंगडत तिकडे धावला. खताची रिकामी पिशवी होती. बेआत्रीसनं पांढरा सदरा घातला होता की निळा, हे त्याला आठवेना. सकाळी त्याचं सगळं लक्ष सायकलच्या साखळीकडे होतं.

दोन्ही बाजूंना काही नव्हतं. मोडलेली काच नाही, थांबलेली गाडी नाही. पण ट्रक कुणासाठी थांबतात थोडेच!

"परत वर जाऊ," मिरेय म्हणाली. "बसा."

तो बसला नाही. गुडघा ओढत उतार चढू लागला, नजर डांबरावर ठेवून, वर्षानुवर्षांच्या सवयीनं. हमरस्त्यापासून थोडं वर एक गल्ली झाडांत शिरते. येताना व्हॅन तिच्यावरून सरळ निघून आली होती. गल्लीच्या तोंडाशी वाढलेलं खाजऱ्या पानांचं झुडूप कुणीतरी नुकतंच तुडवून बाजूला केलं होतं. आणि खाली डांबरावर एक फिकट पिवळी, जवळजवळ पांढरीच वाटणारी खूण होती. टोक गल्लीकडे. शेपटी वळलेली.

लेओंस थांबला. मिरेय उतरून त्याच्या शेजारी आली. तिनं खाली पाहिलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"त्या वर्षी पुसायला कुणी गेलंच नाही," ती म्हणाली.

"नाही."

"चला मग. ती नेईल तिकडे."

गल्लीत फांद्या व्हॅनला दोन्ही बाजूंनी घासत होत्या. टँकरलाही अशाच घासायच्या. पहिल्या फाट्यावर पिवळी शेपटी होती, दुसऱ्यावर अर्धीच उरली होती, तरी कळत होती. गोठ्याजवळ शेणाखाली काय होतं देव जाणे. मिरेयनं अंदाजानं व्हॅन उजवीकडे घेतली, आणि पुढच्या वळणावर दफनभूमीच्या भिंतीला टेकलेल्या तीन सायकली दिसल्या.

आतल्या नळावर तिघी बाटल्या भरत होत्या. थडग्यांवरच्या फुलांसाठी असलेला हा नळ या मुलखातला प्रत्येक सायकलवाला ओळखून असतो. सोलांजनं कुठलाही मार्ग आखला, तरी दुपारच्या आत एक दफनभूमी वाटेत यायचीच. बेआत्रीसचा सदरा हिरवा होता. तिनं ओंजळभर पाणी मानेवर ओतलं आणि वर पाहिलं.

"आलास? पापा, रंगात पाणी तरी किती घालतोस! काही बाण तर भिंग लावून शोधावे लागले. यांना म्हटलं, म्हातारा रंगातही काटकसर करतो."

लेओंसला काहीतरी सुनवायचं होतं. तो तिथल्याच एका थडग्याच्या दगडी कडेवर बसला, आधी त्या नावाची मनातल्या मनात क्षमा मागून. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं टोपी पुढे ओढायला हात नेला. टोपी हमरस्त्यावर राहिली होती.

"पापा? अरे, झालं काय?"

"ते बाण माझे नाहीत," तो म्हणाला. "माझे खडीखाली गेले. तू हमरस्त्याकडे चालली होतीस."

"हो ना, ट्रक ऐकू येत होते. मी म्हटलं, आपलं चुकलं. तेवढ्यात हा बाण दिसला. म्हणजे मग..." ती थांबली. दाराबाहेरच्या रस्त्यावर एक शेवटची पिवळी खूण होती. बेआत्रीस तिकडे गेली, वाकली आणि शेपटीच्या वळणावरून बोट फिरवलं. फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांत आईचं शेवटचं अक्षर असंच वळायचं.

मैत्रिणींना काही कळलं नव्हतं, पण त्या शहाण्या होत्या. बाटल्यांची झाकणं लावत राहिल्या.

"तुमच्यासाठी पाते राखून ठेवलाय," मिरेय जरा मोठ्यानंच म्हणाली. "ऑक्तावच्या तावडीतून वाचला असेल तर. सायकली मागे टाका, दहा मिनिटांत पोचू."

आणि लेओंसला एकदम भूक लागली. सकाळपासून पोटात कॉफीखेरीज काही नव्हतं, हे त्याला आत्ता समजलं. पाते, साय, लाल वाइन, ऑक्तावची बडबड, सगळंच हवंहवंसं वाटलं.

"नको," बेआत्रीस म्हणाली. ती आईच्या सायकलवर चढली होती. "हा रस्ता पुढे सभागृहाकडेच जातो ना?"

"जातो. लांबून."

"आणि बाण संपले तर?"

"बाण नसेल तर..." लेओंसनं सुरुवात केली, आणि थांबला. मिरेयनं व्हॅनचं दार त्याच्यासाठी उघडून धरलं होतं.

"तर थांब," तो म्हणाला. "आम्ही मागे आहोत."