दोन बटणांचं मशीन आणि रविवारची ढोलकी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत मला ‘पाळकसाहेब’ म्हणतात आणि कारखान्यात ‘ओ सुपरवायझर’. माणूस तोच, पुष्कळदा शर्टही तोच. कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात पत्र्याचे डबे तयार होतात. तिथल्या प्रेस मशीनच्या विभागावर मी देखरेख करतो आणि त्याचा पगार घेतो. रविवारी भिवपुरीला पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये उपासना चालवतो आणि त्याचं काहीच घेत नाही. या ‘काहीच घेत नाही’चा मला इतका अभिमान आहे की तो मी पगारासारखा नियमित उचलतो. जेवणावळीत कोंबडीची तंगडी माझ्याच ताटात येते आणि ‘मला कशाला’ म्हणत मी ती खातो. कुणाच्या घरी प्रार्थनेला गेलो की पंखा माझ्याकडे वळवतात. कारखान्यात माझ्याकडे कुणी पंखा वळवल्याचं मला आठवत नाही.

बिनपगारी पाळकाचा मंडळीलाही फायदा असतो. त्याला काढण्याची भीती घालता येत नाही, म्हणून त्याला तोंडावर काहीही बोलता येतं. वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मंडळीचे ज्येष्ठ पंच आहेत. रविवारचा माझा उपदेश लांबला की ते जिन्यात मला गाठतात आणि म्हणतात, “पाळकसाहेब, फुकट आहे म्हणून किती वाढाल?”

आमच्या उपासनेत खरोखर चांगली गोष्ट एकच, ती म्हणजे ढोलकी. ती वाजवणारा तिशीतला गडी कळंबकडचा. आईबरोबर मंडळीत आला तो ढोलकी घेऊनच आला. त्याची बोटं चामड्यावर पडली की खाली गिरणीत बसलेले शेटसुद्धा मान हलवतात, आणि ते आमच्या धर्माचे नाहीत. एका रविवारी तो लग्नाला गेला होता, तेव्हा गायन मी चालवलं. माझा आवाज जाड आणि ताल माझा स्वतःचा. पहिलं गीत पुढच्या रांगेने आधी संपवलं, मागच्या रांगेने नंतर, आणि माझं एक कडवं तरीही उरलं होतं. त्या दिवशी जिन्यात कुणी काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

हाच गडी माझ्या विभागात कंत्राटी कामगार. इथून माझ्या भानगडीला सुरुवात होते.

प्रेस मशीनला दोन बटणं असतात, दोन बाजूंना. दोन्ही तळव्यांनी ती एकदम दाबली तरच वरचा जड साचा खाली येतो आणि पत्रा कापतो. दोन्ही हात बटणांवर असले की साच्याखाली एकही नसतो, एवढंच त्यामागचं शहाणपण. पण त्यामुळे काम हळू होतं, आणि ज्याचं काम हळू त्याचं कंत्राट पुढे वाढेलच असं नाही. म्हणून काही जण एका बटणात लाकडाची पाचर ठोकतात. ते बटण दाबलेलंच राहतं. मग एका हाताने दुसरं बटण दाबायचं आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवायचा. तो हात कुठे असतो, हे सांगायला पाळक लागत नाही.

पहिल्यांदा मी त्याला पकडलं तेव्हा त्याने मशीन थांबवलं, टोपी काढली आणि हात जोडले. एरवी दिवसभर मी त्याचा ‘सायेब’ असतो. त्या क्षणी मी बदललो.

“पाळकसायेब, चुकलं. माफी करा.”

“अरे, हात जाईल तुझा.”

“नाय जानार. तुमी रोज प्रार्थना करता ना माझ्यासाटी? आन रविवारी तुमीच म्हनलात, माफी मोजून द्यायची नसते.”

मी म्हटलं होतं, आणि चांगलं पाऊण तास म्हटलं होतं. पाचर काढून मी खिशात टाकली आणि पुढे गेलो. चालताना मला माझ्या दयाळूपणाचं भरून आलं.

दुसरी पाचर पहिलीपेक्षा बरी होती. तिसरी तर त्याने कडेने तासून, तेल लावून गुळगुळीत केली होती. जसजशी मी माफी देत गेलो तसतसं त्याचं सुतारकाम सुधारत गेलं. बायकोला त्या धुण्याच्या विजारीत सापडत. तिने त्या कपाटावर एका रांगेत मांडून ठेवल्या.

“अहो, हे काय मंडळीचं दान आहे का?” तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. क्षमा, सहनशीलता, भरकटलेलं मेंढरू, हे सगळं आणलं. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

“त्याला कामावरून काढलं तर रविवारी कोण वाजवणार, याची तुम्हाला काळजी,” ती म्हणाली. “मेंढरू बिचारं मधल्या मधे.”

मी तिला म्हटलं, तू फार कडवट बोलतेस. ती म्हणाली, पाळकबाईला पण पगार नाही.

त्यानंतर कारखान्यात नियम आला: पाचर लावलेली दिसली की सुपरवायझरने त्याच पाळीत मॅनेजरला कळवायचं, आणि कामगार प्रेसवरून जाईल, कदाचित कारखान्यातूनही. मी तो नियम सगळ्यांना वाचून दाखवला. वाचताना ढोलकीवाल्याकडे पाहिलं नाही. त्याने मात्र माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मारला.

एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीआधी मी त्याच्या मशीनमागून जात होतो. पत्रा अडकला होता आणि तो डाव्या हाताने ओढत होता. उजवा हात बटणावर होता, दुसऱ्या बटणात पाचर. कोणीतरी हाक मारली म्हणून त्याने मान वळवली आणि उजव्या तळव्यावर भार पडला. साचा खाली आला. डाव्या हातातला रबरी मोजा बोटांच्या टोकाशी कापला गेला. आतली बोटं शाबूत होती. किती थोडक्यात, ते मोज्याकडे पाहून कळत होतं.

मी मेन स्विच बंद केला. रविवारी माझ्या प्रार्थनेला विशेषणं कमी पडत नाहीत. तिथे मला ‘अरे देवा’ याच्या पुढे शब्द सुचला नाही.

तो पांढरा पडला होता, पण हसला. “पाळकसायेब, माफी—”

“इथे मी पाळक नाही.”

“मंग रविवारी कोन येतो? तुमचा भाऊ?”

आजूबाजूचे हसले. मी तसाच मॅनेजरकडे गेलो आणि सांगितलं: याला प्रेसवरून काढा, पण कामावरून काढू नका, पॅकिंगला द्या. मॅनेजर वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत. त्यांनी चहा पिता पिता विचारलं, “तुमच्याच चर्चचा ना तो? पहिल्यांदाच दिसलं का हे तुम्हाला?”

मी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला.

“पगार आम्ही देतो आणि माफ्या तुम्ही वाटता,” ते म्हणाले. “बरं, पॅकिंगला घालतो. महिनाअखेर बघू.”

पॅकिंगला ओव्हरटाइम नाही. महिनाअखेर त्याचं कंत्राट वाढलं, तेही तो खोकी भराभर बांधतो म्हणून. माझ्या प्रार्थनेचा त्यात भाग असलाच तर कारखान्याने नोंदवला नाही. पण हे नंतरचं. त्या आठवड्यात त्याच्या घरी सगळे हेच धरून चालले होते की पाळकाने पोराची नोकरी घालवली.

आणि येणारा रविवार प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला घेण्याचा होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे तयारीची सभा असते. ज्यांचं ज्यांच्याशी बिनसलंय त्यांनी सगळ्यांसमोर हात मिळवायचा, त्याशिवाय दुसऱ्या दिवशी भाकर आणि प्याला घ्यायचा नाही. दोन शेजारणी नळावरून महिनाभर भांडतात आणि प्रत्येक तयारीच्या सभेत एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. मोटारसायकलची सर्व्हिसिंग करावी तसं ते चालतं. नावं पुकारायचं काम माझं, आणि ते मला फार आवडतं.

सभा पंचांच्या ओसरीवर होती. मी पोचलो तेव्हा ढोलकीवाला खांबाला टेकून बसला होता. ढोलकी आणली नव्हती. त्याची आई पुढेच होती.

“पाळक म्हनं!” ती म्हणाली. “मेंढरू हाकलायला येतंय का रं तुला नुसतं?”

पंचांनी मला बाजूला घेतलं. “पाळकसाहेब, नोकरी नोकरीच्या जागी. पण उद्या ढोलकीचं काय?”

आणखी दोघांनीही तेच विचारलं. त्याच्या बोटांबद्दल कुणी विचारलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि पाठोपाठ बायकोने कपाटावर मांडलेली पाचरांची रांग आठवली.

शेजारणी रडून झाल्या. आता पुकारायचं नाव माझं होतं. मी उठलो, त्याच्यासमोर गेलो आणि हात पुढे केला. त्याने हात पुढे केला नाही.

“माफी मागताय का सायेब?”

“हो.”

“कशाची, ते बी सांगा. नायतर नळावरच्या बायांसारकं व्हायचं.”

शेजारणींनी एकदम डोळे पुसायचे थांबवले.

मी तोंड उघडलं, आणि तयार केलेलं वाक्य बाहेर आलंच नाही. “मॅनेजरला सांगितलं त्याची नाही,” मी म्हटलं. “ते पुन्हा करीन. आधी तीनदा सांगितलं नाही आणि गुरुवारी मोज्याबरोबर तुझी बोटं जायची वेळ आली, त्याची. तू गेलास तर उद्या वाजवायला कोणी नाही, म्हणून सांगितलं नाही. त्याला मी क्षमा म्हणत होतो.”

पंचांनी घसा खाकरला.

तो माझ्याकडे बघत राहिला. “ढोलकीसाटी?”

“हो.”

“मंजी येवडी भारी वाजवतो मी?”

लोक हसले. त्याची आई हसली नाही. तिने उठून त्याचा डावा हात स्वतःच्या हातात घेतला आणि बोटं एकेक दाबून बघितली. तोवर तिला मोज्याबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. मग तिने त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की खांबावरचा कंदील हलला. माझ्याशी ती तेव्हाही बोलली नाही, अजूनही मोजकंच बोलते. हात मात्र त्याने मिळवला नाही. “उद्या बघू,” म्हणाला.

रविवारी तो आला आणि मागच्या रांगेत बसला, ढोलकीशिवाय, हात खिशात घालून. गायन मी चालवलं. पहिल्या कडव्यातच रांगा वेगवेगळ्या झाल्या. तो मागे डोळे मिटून शांत ऐकत होता. एवढ्या समाधानाने माझं गाणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. सगळी कडवी झाली. पंचांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा छताकडे पाहिलं.

मग प्रभुभोजन. मी भाकर मोडून देत होतो आणि लोक एकेक करून पुढे येत होते. तो येईल की नाही, यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं, आणि पाळकाच्या मनात त्या वेळी दुसरं बरंच असायला हवं. तो सगळ्यात शेवटी आला. खिशातून हात काढले, दोन्ही तळवे उघडे करून माझ्यापुढे धरले आणि मलाच ऐकू येईल असं पुटपुटला,

“दोनी हात लावलेत, सायेब. बगून घ्या.”

मी बघत बसलो. भाकर देताना म्हणायचे शब्द मी वर्षानुवर्षं म्हणत आलोय, ते काही केल्या आठवेनात. शेवटी बाजूला प्याला घेऊन उभ्या असलेल्या पंचांनी मला कोपराने ढोसलं.