आमचा नाला कागदावर कसा चढला

तांड्यात साहेब लोक येणार म्हटलं की आम्ही आधी वाट साफ करतो. पाहुण्याच्या पायाले काटा लागला तर तो तांड्याचा कमीपणा. त्या उन्हाळ्यात याच चालीनं आमचा घात केला, आणि वाट साफ करा म्हणणारा पहिला माणूस मी, तांड्याचा नाईकच होतो.

आमच्या तांड्याच्या वरच्या अंगाले विमानाची जुनी धावपट्टी आहे. ती लांब करायचं ठरलं. त्याच्या आधी पाणी, झाडं, पाखरं यांची पाहणी करावी लागते, एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यात. पाहणीच्या कागदात नाला असला तर पट्टीखालून त्याले वाट ठेवतात. नसला तर भराव टाकून मोकळे, आणि वरचं सारं पाणी आमच्या घरांत. मले विमानाचं काही वावडं नाही. घरात पाणी नको, एवढंच.

तर जीप थेट तांड्यात यावी म्हणून मी कोरड्या नाल्यातली झुडपं तोडून घेतली, वरून दोन ट्रॉल्या मुरूम पसरला. जीप आली, झुलत आली. पाहणीवाली बाई माझ्या नातीच्या वयाची. उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, "बाबा, नाला कुठे आहे?"

"तुम्ही त्याच्यातूनच तर आल्या!"

तिनं मागं वळून पाह्यलं. "हा तर चांगला गाडीरस्ता आहे."

"मीच केला," मी मिशीवर हात फिरवून म्हटलं.

तिनं तसंच लिहून घेतलं. मी हुज्जत घातली तर म्हणे, "बाबा, जे दिसतं तेच मी लिहिते. पावसाळ्यात पाणी दिसलं तर नाला लिहीन."

जीप गेली तशी बायको म्हणाली, "तुम्हाले कोणं सांगतलं होतं नाल्याची हजामत करायले?"

पावसाळा आला. मुरूम वाहून गेला, नाला भरभरून चालला, बाई काही आली नाही. फोन लावला तर म्हणे, पाहणीचा पैसाच वरून आला नाही. पाहण्याइतकं पाणी अन् पाहायले कोणी नाही!

आर्णीच्या बाजारात चहावाला मले डिवचायचा. "काय नाईक, मले विमानानं मुंबईले जायचं होतं. तुमच्या नाल्यानं अडवलं."

"नाल्यानं नाही, पैशानं अडवलं. अन् तुले विमानात घेते कोण? तुहा चहा पाह्यला तर पायलट उतरून जाईन."

हिवाळ्यात बाईचाच फोन आला. पैसा येऊन राह्यला, आम्ही लवकरच पाहणीले येतो. मी म्हटलं, "आता येऊ नका! पावसाळ्याची पाहणी आहे, पावसाळ्यातच या." ती हसली. मी काही हसलो नाही. दर हप्त्याले फोन करून हेच सांगत राह्यलो.

पैसा रेंगाळत रेंगाळत आला, आणि बाई श्रावणात आली, ती नेमकी आमच्या तीजेच्या सणाच्या शिरवणीच्या, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी. पोरींनी टोपल्यांत गहू पेरून हिरवेगार वाढवले होते, ते गाणी म्हणत नाल्यात सोडणं चालू होतं. यंदा झुडपाले हात लावायची कोणाले परवानगी नव्हती. जीप पलीकडेच अडली. बाईनं बूट काढले, पाणी मोजायची पट्टी घेऊन नाल्यात उतरली अन् मधातच घसरली. माझ्या बायकोनं तिले दंडाले धरून बाहेर काढलं. पोरींनी हसत हसत तिच्या कानामागं गव्हाचे कोंब खोवले.

"आता लिहा," मी म्हटलं.

"ऑफिसात जाऊन लिहिते, बाबा."

"ऑफिसात नाला नाही. इथंच लिहा."

तिनं ओल्या हातानं लिहिलं: नाला, वाहता, गुडघाभर पाणी. मग पेन थांबलं. "मागच्या वेळी मीच गाडीरस्ता लिहिला होता. फरक का पडला, त्याचं कारण द्यावं लागेल. नाहीतर वरचे लोक हा कागद परत पाठवतील."

सारा तांडा माझ्या तोंडाकडे पाहू लागला. माझ्या जन्मात मी कोणासमोर चुकलो म्हटलं नाही. पण पाणी माझ्या एकट्याच्या घरात शिरणार नव्हतं.

"लिहा," म्हटलं. "नाला पहिल्यापासून होता. पाहुण्यांची जीप यावी म्हणून म्हाताऱ्यानं मुरूम टाकून झाकला. चूक म्हाताऱ्याची."

बायको मागून ओरडली, "बाई, दोनदा लिहा वं! हा माणूस पुन्हा कबूल करणार नाही!"

बाईनं अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं केला. मी तो परत सारला, पेन मागितलं, आणि सारे हसून राह्यले तोवर एक एक अक्षर जोडून माझी सही केली.