मम्मीच्या पांढऱ्या साडीचा फॉल

माझ्या मम्मीला आम्ही चुकीचा फॉल लावलेल्या साडीत निरोप दिला.

आज वर्ष झालं. अजून ते डोळ्यांसमोरून जात नाही.

शहाडला आमची चाळ. मम्मी घरी फॉल-पिको करायची. पार मोहन्यापासून बायका तिच्याकडे साड्या घेऊन यायच्या.

पप्पांनी पहिला सीएफएल आणला तेव्हा मी शाळेत होते. त्याआधी घरात पिवळा बल्ब. उन्हाळ्यात त्याच्याखाली बसलं की डोकं तापायचं. हा पांढरा, थंड, जिलबीसारखा वळलेला.

बटण दाबलं की आधी मरगळलेला असायचा. मी आणि भाऊ वर बघत उभे. मग हळूहळू उजेड यायचा.

"तुझ्यासारखाच आहे गं, उठायला वेळ लावतो," मम्मी मला म्हणायची.

आता संध्याकाळीही काम करता येईल म्हणून ती खूश होती.

आणि पहिल्याच लग्नसराईत घोळ झाला.

गावातल्या पाटील काकूंना हळदीसाठी साडी घाईत हवी होती. मम्मीने संध्याकाळी सीएफएलखाली फॉल जुळवला, लावला आणि साडी देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी काकू दारात हजर.

"अगो बाय, माझी सारी हिरवी न तू निला फॉल लावलास गो! बायेर ये, उजेरान बघ!"

मम्मी साडी घेऊन बाहेर गेली. खरंच होतं. घरात दोन्ही रंग एकसारखे गडद दिसलेले, बाहेर सरळ सरळ वेगळे.

ती तिथेच दारात मांडी घालून बसली आणि सगळा फॉल उसवायला घेतला. काकू आधी तणतणल्या, मग चहा प्यायल्या, मग हळदीला कोण कोण येणार ते सगळं सांगून झालं. शेवटी त्यांनाच वाईट वाटलं.

"र्‍हाव दे गो. फॉलला कोन बघतं?"

"मी बघते ना, काकू," मम्मी म्हणाली.

त्या दिवसापासून घरात नियमच झाला. लोकांची साडी सीएफएलखाली धरायची नाही. संध्याकाळी कोणी आलं की एकच उत्तर, "ठेवून जा, सकाळी उजेडात बघते." दिवसभर ती दाराशी गॅलरीत बसलेली, मांडीवर कोणाची तरी साडी.

तिचा त्या दिव्यावरचा विश्वास इतका उडालेला की मला बघायला यायचं म्हणाले त्या पाहुण्यांनाही तिने दुपारचं बोलावलेलं. माझा नवरा अजून हसतो यावर. उजेडात पास झालेला माणूस आहे तो.

सीएफएलखाली मग काय व्हायचं? लसूण सोलणं. आमचा अभ्यास. आणि मम्मीची स्वतःची कामं. तिच्या ब्लाउजचं हुक, तिच्या परकराची उसवलेली नाडपट्टी.

"माझंच आहे, बघेन संध्याकाळी."

हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की ऐकू यायचं बंद झालेलं.

पुढे भावाने सगळ्या घरात एलईडी लावले. मम्मीच्या कोपऱ्यातला सीएफएल तेवढा तिने काढू दिला नाही. बुडाशी काळा पडलेला. "चालतोय ना? मग कशाला?"

गेल्या वर्षी कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये ती गेली.

घरी आणलं तेव्हा संध्याकाळ झालेली. भाऊ कामासाठी नागपूरला, म्हणून अंत्ययात्रा सकाळी ठरली. मावशीने कपाट उघडलं आणि एक पांढरी साडी काढली. पौर्णिमेला विहारात जाताना नेसायची ती. मम्मीच्या कोपऱ्यातच, त्या सीएफएलखाली, आम्ही ती उलगडून बघितली. स्वच्छ, पांढरीशुभ्र. तीच नेसवली.

सकाळी तिला गॅलरीत ठेवलं. मी पायाशी बसलेले. ऊन आलं. साडीचा काठ जरासा उलटलेला.

फॉल पांढरा नव्हता. फिकट पिस्ता रंगाचा होता.

लोक फुलं वाहत होते, वंदना सुरू होणार होती, आणि मी वेड्यासारखी मावशीचा हात ओढत होते. "मावशी, साडी बदलूया गं. मम्मीला हे नाही चालणार. दुसऱ्या कोणाला चालेल, तिला नाही चालणार."

मावशी वाकली. काठ हातात घेऊन टाके बघितले.

"तिनंच लावलाय गं हा."

मी बघितलं. बारीक, एकसारखे टाके. मम्मीचेच. दिवसभर लोकांच्या साड्या करून झाल्यावर संध्याकाळी त्या दिव्याखाली बसून लावलेला फॉल.

पाटील काकू काठी टेकत आलेल्या. त्यांनाही दिसलं.

"माझा समदा उसवून दिलान गो तिनी. न आपला तसाच ठेवलान."

हॉस्पिटलमध्ये मी रडले नव्हते. तेव्हा रडले.

साडी बदलली नाही आम्ही.

काल सासरहून, खोपटहून शहाडला आले. आजच्या वंदनेसाठी नवीन पांढरी साडी घेतलेली, फॉल लावायचा राहिलेला. दुकानात देता आली असती. नाही दिली.

आज सकाळी मम्मीच्या कोपऱ्यातला सीएफएल लावला. अजून चालतो. नेहमीसारखा हळूहळू आला. त्याच्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिले, मग साडी, फॉल आणि सुई-दोरा घेऊन बाहेर गॅलरीत तिच्या जागेवर बसले.

टाके वाकडेतिकडे आलेत, मम्मी. तू असतीस तर सगळे उसवायला लावले असतेस.

पण रंग जुळलाय. उजेडात बघितला.

तुझ्या कष्टांना आणि तुझ्या आठवणीला मनापासून वंदन.

जय भीम, मम्मी.