काकांकडून शिकलेली जपानी

सत्तरच्या दशकात माझ्या नवऱ्याला त्याच्या कंपनीने प्रशिक्षणासाठी तीन महिने जपानला पाठवलं. आम्ही तेव्हा नागपुरात धरमपेठेत भाड्याने राहत होतो. शेवटचे वीस दिवस मीही जाऊन तो देश पाहून यावा असं ठरलं. पण नवरा दिवसभर कारखान्यात असणार, मला एकटीलाच हिंडावं लागणार होतं, आणि तिथे इंग्रजी फारसं कोणाला कळत नाही असं त्याने पत्रात लिहिलं होतं.

आमच्या घरामागच्या खोलीत फौजेतले एक निवृत्त हवालदार राहायचे. मूळचे काटोलकडचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मोठ्या लढाईत ते जपान्यांच्या हाती सापडले होते आणि तीन वर्षं एका बेटावर कैदेत होते. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. मी जपानला निघाले हे कळल्यावर मात्र स्वतःच आमच्या घरापुढच्या ओट्याशी आले.

"मले येते थोडी," म्हणाले. "शिकवतो तुले. पाहुण्याले तेवढ्यानं भागते."

महिनाभर रोज संध्याकाळी ते शिकवत. शिकवताना बसत नसत. हात मांड्यांना चिकटवून ताठ उभे राहत, आणि नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे असे. पाणी म्हणजे 'मिझु'. माफ करा म्हणजे 'सुमिमासेन'. कोणी 'कशी आहेस' विचारलं तर म्हणायचं, 'ब्योकी जा आरिमासेन, हाताराकेमासु.' आकडे शिकवायची त्यांची वेगळीच रीत होती. ते मोठ्याने 'बांगो', म्हणजे नंबर, म्हणत आणि मी लगेच 'निजू शिची', म्हणजे सत्तावीस, म्हणायचं. मग तिथून पुढे मोजायचं.

"एकपासून काहून नाही, काका?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"मी सत्ताविसावा होतो वं," ते म्हणाले.

जपानमध्ये आम्हाला कारखान्याजवळच्या एका लहानशा खानावळीत वरची खोली मिळाली. ती चालवणारी बाई माझ्याच वयाची होती. तिचे सासरे खाली दाराजवळ भिंतीला टेकून बसलेले असत. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून ते एक शब्दही बोलले नव्हते, असं तिने माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं.

पहिल्या सकाळी नवरा कामावर गेल्यावर मी खाली आले. बाईने हसून विचारपूस केली आणि मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. तिचं हसू थांबलं. तिने शब्दकोश आणला आणि एकेका इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं. मी म्हटलं होतं, 'मी आजारी नाही. मी काम करू शकते.'

तेवढ्यात मागे काठीचा आवाज झाला. म्हातारे उठून उभे राहिले होते. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "बांगो."

महिन्याभराची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "निजू शिची."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. जरा थांबून स्वतःच अठ्ठावीस म्हणाले. मग आणखी थोडं पलीकडे पाहून एकोणतीस. अशी त्यांची नजर एकेक पाऊल सरकत एकतीसपर्यंत गेली आणि दाराजवळ छत्र्या ठेवल्या होत्या तिथे थांबली. ते उत्तराची वाट पाहत होते. मीही तिकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

बाईने शब्दकोश उचलला. तिने पुन्हा शब्द दाखवले. बाबा. युद्ध. कैदी. पहारा.

मग हे रोजच झालं. मी जिना उतरले की म्हातारे उभे असायचे. रोज सत्तावीस मी म्हणायची, पुढचे आकडे ते, आणि रोज छत्र्यांपाशी येऊन मोजणी अडायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेतेस. जागा बदलू या, असंही मला म्हणता आलं असतं, पण नाही म्हटलं. दिवसभर देवळं पाहायची, बागा पाहायची, 'सुमिमासेन' म्हणून रस्ता विचारायचा, सगळं नीट जमत होतं. फक्त मी त्या कोपऱ्यात हात घालेनाशी झाले. दोनदा पाऊस होता तरी छत्री न घेता भिजत गेले.

निघायच्या सकाळी ते असेच एकतीसवर थांबले. त्यांचे पाय कापत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सांजू नी." बत्तीस. आवाज माझा वाटला नाही, फार जाड निघाला.

म्हाताऱ्यांनी लांब श्वास सोडला. "योशी," म्हणाले, म्हणजे ठीक. मग खाली बसून त्यांनी सुनेकडे भात मागितला. ती रडत रडत वाढायला गेली.

नागपूरला आल्यावर मी काकांना सगळं सांगितलं. ते ओट्याशी उभ्यानेच ऐकत होते. बत्तीसपर्यंत आल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"तू काहून म्हटलं?"

"त्यांना उभं राहवत नव्हतं, काका."

"आमच्यातही एक जण दुसऱ्याचा नंबर म्हणाला होता," ते म्हणाले. "पळून गेलेल्याचा, बत्तीसच. आम्हाले उन्हातून सोडावं म्हणून. दुसऱ्या दिवशी मोजणीत तो म्हणणाराच नव्हता."

त्यानंतर ते ओट्याकडे फिरकेनासे झाले. मी मात्र बरेच दिवस गर्दीत कोणी मोजायला लागलं की तिथून बाजूला व्हायची.

दोन महिन्यांनी खानावळीतल्या बाईचं पत्र आलं. इंग्रजी मोडकं होतं, पण कळलं. मी निघाले त्याच दुपारी सासरे जेवून आडवे झाले आणि झोपेतच गेले. त्या दिवशी त्यांनी तिला नावाने हाक मारली होती, आणि त्याबद्दल तिने माझे आभार मानले होते.

काकांना हे सांगावं की नाही, मला कळेना. पण पोस्टमनच्या हातातलं परदेशी तिकीट त्यांनी पाहिलं होतं. ते स्वतःच दारात आले.

"गेला का?"

"हो. झोपेत."

त्यांनी दारातच चपला काढल्या. मग म्हणाले, "चहा ठेव वं," आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्या घरात येऊन खाली बसले.